एवढं शिकून मेलेली पाखरं मोजायची?

प्रश्न: मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता पवनचक्क्यांखाली मेलेले पक्षी आणि वटवाघळं शोधायची वर्षभराच्या कराराची नोकरी घेतेय. एवढं शिकून मेलेली पाखरं मोजायची? आणि पक्ष्यांचं वेड असलेल्या पोरीने पक्षी मारणाऱ्यांचाच पगार घ्यायचा? त्यापेक्षा शिकवण्याची नोकरी बरी, असं तिला सांगा.
– एक आई

ताई, ‘मोजायची’ हा शब्द तुम्ही नाक मुरडून लिहिलाय. मला तर या नोकरीत तोच भाग सगळ्यात अवघड वाटतो.

समजा, ठरलेल्या रेषेवरून जमिनीवर नजर ठेवून चालताना तिला दोन वटवाघळं सापडली. मग मेली किती? दोन म्हणाल तर चुकलात. काही कोल्ह्याकुत्र्यांनी रात्रीतच पळवलेली असतात. काही गवतात नजरेतून सुटतात, कारण मुठीत मावणारं वटवाघूळ वाळक्या पानासारखं दिसतं. म्हणून कुणीतरी तिला न सांगता काही मेलेली पाखरं तिथे ठेवतं आणि त्यातली तिला किती सापडतात ते पाहतं. आणखी काही ठेवून ती किती दिवस टिकतात याची नोंद होते. पुढच्या फेरीपर्यंत निम्मी उरत असतील आणि उरलेल्यांतली निम्मीच दिसत असतील, तर तिच्या दोनाचे आठ होतात. हा हिशेब संख्याशास्त्राशिवाय जमत नाही. तो विषय तिने टाळला असेल तर आत्ताच हातात घ्यायला सांगा.

अशाच मोजणीतून कळलं की वटवाघळं जास्त मरतात ती मंद वाऱ्याच्या रात्री. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अशा रात्री वारा थोडा वाढल्यावरच चक्क्या सुरू केल्या, तर मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले. वर्षभराच्या विजेतलं नुकसान एक टक्क्याच्या आत. स्पेनमध्ये तारिफाला गिधाडं जवळ आली की तेवढीच चक्की थांबवली. मृत्यू जवळपास निम्मे झाले, वीज बुडाली ०.०७ टक्के. नॉर्वेत स्मोला बेटावर एक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले. त्यावर लोक लगेच ‘सगळीकडे रंगवा’ म्हणतात, पण तिथे रंगवल्या होत्या फक्त चार चक्क्या. एवढ्यावर किती विश्वास ठेवायचा, हेही तुमच्या मुलीसारखंच कुणीतरी सांगणार.

मेलेलं मोजून सगळं कळतं असंही नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. चक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून गळ्याला झालर असलेले सरडे वाढले आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत पळेनासे झाले. चक्कीखाली यातलं काहीच पडलेलं सापडत नाही. तेव्हा जिवंत पक्ष्यांची नोंदही कामात आहे का, हे तिने विचारावं.

पगाराबद्दलची तुमची शंका मात्र मी उडवून लावणार नाही. पूर्वी एका विद्यार्थ्याला मी ‘पगार चांगला आहे, घे’ असं बिनधास्त सांगितलं होतं. त्याच्या अहवालातले आकडे वर पोचेपर्यंत ‘दुरुस्त’ झाले, आणि सही त्याचीच राहिली. तो सल्ला मला अजून सलतो. म्हणून सही करण्याआधी तिने लेखी घ्यावं: नोंदींची प्रत तिच्याकडे राहील का, शोधनिबंध लिहिता येईल का, अहवाल बदलला तर तिला कळवणार का. माळावर सोबतीला माणूस आणि गाडी असणार का, हे तुम्ही विचारलंत तरी चालेल. करार वर्षाचाच आहे. शिकवण्याची वाट नंतरही मोकळी आहे.

आणि मुलाखतीत एक प्रश्न तिने जरूर टाकावा: ‘चाचणीची पाखरं कोण ठेवणार, आणि किती?’ समोरचा गोंधळला, तर ही नोकरी नको म्हणायला मी तुमच्या बाजूने.