पद्मिनीचे व्यंगरूप घडवताना
मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे व्यंगरूप ब्लेंडर या त्रिमितीय (थ्रीडी) मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवायचे असेल, तर प्रथम मिरर मॉडिफायर (एका बाजूची रचना दुसऱ्या बाजूला आरशासारखी उमटवणारी सोय) लावून तिचे खऱ्या प्रमाणातील साधे मॉडेल तयार करावे आणि त्यानंतरच लॅटिसच्या (मॉडेलभोवतीचा, ओढून त्याचा आकार बदलता येणारा पिंजरा) साहाय्याने पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर आखडून छत फुगवावे. सर्वच भाग मोठे केल्यास कोणताच मोठा दिसत नाही. म्हणून गोल हेडलाइट, पुढची जाळी आणि टपावरचा कॅरियर एवढेच वाढवून दरवाजे निःसंकोच अरुंद करावेत. चाके मात्र लॅटिसबाहेर ठेवून स्वतंत्रपणे मोठी करावीत, अन्यथा ती लंबगोल होतात. बाहेरच्या बाजूला बसवलेले जुने यांत्रिक मीटर मुळीच वगळू नये. माझ्या मते त्या टॅक्सीचा स्वभाव तिथेच आहे. सबडिव्हिजन (पृष्ठभागाचे अधिक बारीक तुकडे पाडून तो गुळगुळीत करणे) सर्वांत शेवटी वाढवावे, कारण दाट मेश (मॉडेलचे बिंदू-रेषांचे जाळे) ओढताना पत्र्यावर पोचे पडल्यासारखे दिसतात.