वाचकांचे प्रश्न : शहरातील कलावंत आणि आपली मंडळी

प्रश्न : आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) मुंबईच्या पश्चिम उपनगरात आहे. मालिका, नाटक, जाहिराती आणि संगीत या क्षेत्रांत धडपडणारी बरीच तरुण मुले-मुली आमच्या परिसरात भाड्याने राहतात. त्यांपैकी काही नाताळला येतात, एरवी दिसत नाहीत. त्यांच्यामध्ये सेवाकार्य सुरू करावे, असा विषय कमिटीपुढे आहे. न्यूयॉर्कमध्ये जॅझ वादकांसाठी खास पाळक (पास्टर) नेमले होते, असे ऐकले. ते काम कसे चालत असे आणि आम्ही सुरुवात कोठून करावी?
– मंडळीचे एक वडील (एल्डर), अंधेरी

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. रेव्हरंड जॉन गार्सिया गेन्सेल हे मूळचे पोर्तो रिकोचे, लुथरन पंथाचे पाळक. रात्री काम संपवून पहाटे घरी जाणारे वादक रविवारी सकाळी उपासनेला येणार नाहीत, हे त्यांनी तक्रारीचा सूर न लावता मान्य केले आणि ते स्वतःच रात्री क्लबांमध्ये जाऊन बसू लागले. तेथे ते उपदेश करीत नसत. वादन ऐकत, मध्यंतरात वादकांशी बोलत, कोण आजारी आहे, कोणाचा संसार मोडायला आला आहे, कोणाला व्यसनाने घेरले आहे याची माहिती ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या दाराशी उभे राहत. १९६५ साली त्यांची शहरातील जॅझ वादकांचे पाळक म्हणून रीतसर नेमणूक झाली. त्याच वर्षी रविवारी संध्याकाळी पाच वाजता जॅझ संगीतासह उपासना सुरू झाली आणि पुढे तीच लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरील सेंट पीटर्स चर्चची ओळख ठरली. नामवंत जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांनी गेन्सेल यांच्यासाठी एक रचना केली आणि तिच्या नावातच त्यांना रात्रीच्या कळपाची राखण करणारा मेंढपाळ म्हटले. लूकच्या शुभवर्तमानातील बेथलेहेमजवळ रात्री कळप राखणारे मेंढपाळ ज्याला आठवतात, त्याला या नावातले प्रेम वेगळे सांगावे लागत नाही.

या कामाची खोली १९६७ च्या जुलैमध्ये दिसली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांचा अंत्यविधी सेंट पीटर्समध्ये झाला आणि आल्बर्ट आयलर व ऑर्नेट कोलमन यांनी आपापल्या साथीदारांसह तेथे वादन केले. त्या काळी अनेक जाणकारांनाही ते संगीत कर्कश वाटे. मृताच्या मित्रांना ज्या भाषेत शोक करता येत होता, त्या भाषेत त्यांना चर्चमध्ये शोक करू दिला गेला. पाळकीय सेवेचे याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

त्याच शहरात याच्या शंभर वर्षे आधी काय घडले होते, तेही आपल्या कमिटीला अवश्य सांगावे. १८७० साली जॉर्ज हॉलंड हे वृद्ध नट वारले. त्यांचे मित्र जोसेफ जेफरसन दफनविधीची विनंती घेऊन एका चर्चमध्ये गेले, तेव्हा मृत व्यक्ती नट असल्याचे कळताच तेथील धर्मगुरूंनी नकार दिला आणि कोपऱ्यावरच्या लहान चर्चमध्ये असले विधी करतात, असे सुचवले. ‘मग देव त्या कोपऱ्यावरच्या लहान चर्चचे भले करो,’ असे जेफरसन म्हणाले. हे चर्च म्हणजे २९व्या रस्त्यावरील चर्च ऑफ द ट्रान्सफिगरेशन. १८४८ साली जॉर्ज हॉटन यांनी स्थापन केलेल्या या चर्चकडे त्यानंतर नाट्यव्यवसायातील माणसांची रीघ लागली आणि १९२३ साली तेथेच नटांना मदत करणारी संस्था उभी राहिली. एका दफनाला होकार दिल्यामुळे जुळलेले ते नाते आजतागायत टिकले आहे.

आता आपला प्रश्न. सुरुवात कार्यक्रमाने करू नये, असे माझे ठाम मत आहे. ‘कलावंत मेळावा’ भरवला की त्याच मुलांना त्यात गायला लावले जाते, नाताळच्या नाटिकेचे दिग्दर्शन त्यांच्या गळ्यात पडते आणि मंडळीला आपल्याकडून फुकटचे काम हवे आहे, एवढेच त्यांच्या लक्षात राहते. आधी त्यांचे दिवस कसे जातात ते समजून घ्यावे. मालिकेच्या चित्रीकरणाची शिफ्ट बारा तासांची असते, उद्याची वेळ आदल्या रात्री उशिरा कळते आणि केलेल्या कामाचे पैसे पुष्कळदा तीन महिन्यांनी हातात पडतात. ज्याला काम मिळते, त्याची ही कथा. ज्याला मिळत नाही, तो रोज ऑडिशनच्या रांगेत उभा राहून नकार घेऊन परत येतो आणि गावी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असे सांगतो. अशा माणसासाठी रविवारी सकाळी साडेआठची उपासना दूर असते, पण सोमवारी रात्री दहा वाजता उघडी असलेली एखादी खोली, तेथे गरम जेवण आणि ऐकून घेणारी दोन प्रौढ माणसे ही दूर नसतात. थकलेले भाडे, रुग्णालयाचा खर्च, एखाद्या कराराचा कागद वाचून दाखवणारा वकील, याची सोय मंडळीतील माणसांतूनच होऊ शकते. प्रार्थना अवश्य करावी, पण ती जेवणाची किंमत म्हणून करू नये.

मुंबईला हे सर्वस्वी नवे नाही. धोबी तलावच्या परिसरातील गोवेकरांच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या सामायिक निवासांमध्ये, खलाशी, आचारी आणि वादक राहत. प्रत्येक कूड आपापल्या गावाचा, तेथे गावच्या संताची वेदी असे, संध्याकाळी रोझरी म्हटली जाई आणि काम नसलेल्या वादकालाही पथारी टाकायला जागा मिळे. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकून आलेल्या या माणसांनी हॉटेलांतील बँडपथके सांभाळली आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे आपल्या तरुणांना माहीत असायला हवीत. कुडाने त्यांना निवारा दिला आणि त्याच छताखाली प्रार्थनाही दिली, हे आपण विसरलो आहोत.

प्रश्न : क्लबमध्ये, बारमध्ये वाजणारे संगीत उपासनेत आणणे हा पवित्र स्थानाचा अपमान नाही का?
– एक वाचक, अहमदनगर

उत्तर : हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून तो हसण्यावारी नेता येत नाही. एलिंग्टन यांनी १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये पहिली पवित्र संगीतसभा केली आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमधील बाप्टिस्ट पाळकांच्या परिषदेने तशा सभेला पाठिंबा नाकारला. तरीही १९७३ मध्ये त्यांची तिसरी संगीतसभा वेस्टमिन्स्टर ॲबेत झाली. स्वरांना पाप चिकटत नाही. ते कोणापुढे आणि कशासाठी वाजवले जातात, ते पाहावे. आपल्याच जिल्ह्यात राहिलेल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी कीर्तन आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले, तेव्हाही ही तर हिंदूंची रीत, अशी कुरकुर झालीच होती. आज त्यांच्या रचना गाताना कोणाच्या मनात तो प्रश्नही येत नाही.

प्रश्न : आमच्या चर्चची वेदीमागची भिंत रंगवायची आहे. एक चांगला चित्रकार तयार आहे, पण तो ख्रिस्ती नाही. त्याला काम द्यावे का?
– विश्वस्त मंडळाचे एक सदस्य, पुणे

उत्तर : द्यावे, आणि योग्य मोबदला देऊन द्यावे. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स चर्चने आपली जुनी इमारत पाडून जागा बँकेला दिली, ती त्याच कोपऱ्यावर नवे, स्वतंत्र चर्च उभे राहील या अटीवर. त्यामुळे बँकेच्या ५९ मजली इमारतीचे खांब कोपऱ्यांवर न घेता बाजूंच्या मध्यावर घ्यावे लागले. १९७७ साली पूर्ण झालेल्या त्या चर्चमधील लहान प्रार्थनागृहाचे काम लुईज नेव्हलसन या ज्यू शिल्पकर्तीला दिले गेले. लाकडाचे तुकडे जोडून पांढऱ्या रंगाने एकजीव केलेल्या तिच्या भिंतींमध्ये लोक प्रार्थनेला बसत आले आहेत. चित्रकाराला शुभवर्तमानातील तो प्रसंग नीट समजावून सांगावा, मंडळी त्या भिंतीसमोर काय करते ते त्याने एका रविवारी येऊन पाहावे आणि मग त्याला मोकळे सोडावे. प्रत्येक रेघ कमिटीपुढे मंजुरीसाठी मागवू नये.

आपण पुण्याचे आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकून आले आणि साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मरिया रंगवू लागले. स्वतः श्रद्धावान कॅथलिक असूनही गोव्यातील अनेक धर्मबांधवांना त्यांची चित्रे रुचली नाहीत. त्यांना आसरा मिळाला तो आपल्या शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या माणसांकडे. तेथे राहायला खोली आणि कामाला शांतता मिळाली, म्हणून ती चित्रे झाली. बायबलमधील निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देवाने बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले ते सोने, रुपे, रत्ने आणि लाकूड यांचे काम करण्यासाठी, हे विश्वस्तांच्या पुढच्या सभेत वाचावे.

प्रश्न : माझी मुलगी नाटकात काम करायचे म्हणून दोन वर्षांपूर्वी मुंबईला गेली. ती चर्चला जात नाही, फोनवर देवाचा विषय काढला की चिडते. पाळकसाहेब म्हणतात, तिला परत बोलावून घ्या. मी काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तिला परत बोलावू नका. ती चुकीच्या धंद्यात गेलेली नाही. कठीण धंद्यात गेली आहे, आणि आपल्याच माणसांना त्या धंद्याची लाज वाटते, हे तिला कळते. तिच्या चिडण्यात श्रद्धेचा राग किती आणि या लाजेचा किती, हे आत्ता तिलाही सांगता येणार नाही. पुढच्या फोनवर चर्चचा विषय काढू नका. कोणते नाटक चालू आहे, भूमिका काय आहे, तालमी कोठे होतात, जेवते कधी, पैसे वेळेवर मिळतात का, हे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. ती राहते त्या भागातील एखाद्या पाळकांचा नंबर मिळवून ठेवा, पण त्यांना तिच्याकडे परस्पर पाठवू नका. ती आजारी पडली किंवा घर सोडावे लागले, तर कोणाला हाक मारायची एवढे तिला माहीत असू द्या. रोज प्रार्थना करता तशीच करत राहा. आणि शक्य असेल तर तिच्या पुढच्या प्रयोगाची तारीख विचारून घ्या, पाळकसाहेबांनाही बरोबर चला म्हणा, आणि दोघांची तिकिटे काढा.