आजोबांच्या तिजोरीचे आकडे ठाऊक असूनही ती उघडत का नाही?

तिन्ही आकडे आजोबांच्या वहीत सापडले, घरातल्या सर्वांनी डायल फिरवून पाहिला, तरी दार उघडेना, तेव्हा आता भोक पाडणाऱ्या कारागिराला बोलवावे का, असे आपण विचारले आहे. बोलवू नये. आमच्याकडे बोलावला होता.

2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा नाशिकच्या सराफ बाजारातल्या आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर कंबरभर पाणी होते आणि वाड्याची खरेदीखते आजोबांच्या विलायती तिजोरीत होती. आकडे वडिलांनी जुन्या पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवले होते. थोरल्या बंधूंनी दोन तास डायल फिरवला आणि पाण्याने कुलूप गंजून मोडले, असा निकाल दिला. फेरे मोजण्यात चूक होते आहे, असे मी म्हणालो, तर पेन्शन मोजणाऱ्याने कुलुपाच्या भानगडीत पडू नये, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी डायलच्या शेजारी भोक पडले. कागद भिजायचे ते तोवर भिजलेच होते.

भंगारात निघालेले ते कुलूप मी मागून घेतले आणि पाठीमागचे झाकण काढले. आत पितळेच्या तीन चकत्या एकाच आसावर सुट्या बसवलेल्या आहेत. प्रत्येकीच्या कडेला एक खाच आणि अंगावर एक खुंटी आहे. डायलचा दांडा दारातून आत येऊन या तिघींखेरीज असलेल्या शेवटच्या चालक चकतीला जोडलेला असतो. ती फिरली की तिची खुंटी शेजारच्या चकतीला ढकलते, ती पुढचीला, आणि असे सारे फेरे झाल्यावर तिन्ही एकत्र फिरू लागतात. दिशा बदलली की सर्वांत लांबची चकती जागच्या जागी राहते आणि उरलेल्या दोन फिरतात. पुन्हा बदलली की एकच. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या म्हणजे वरची आडवी पट्टी त्यांत पडते आणि कुलुपाची जीभ मागे ओढली जाते.

म्हणून पहिला आकडा डावीकडे फिरवत चौथ्यांदा खुणेखाली आणावा, दुसरा उजवीकडे तिसऱ्यांदा, तिसरा पुन्हा डावीकडे दुसऱ्यांदा, आणि मग डायल अडेपर्यंत उजवीकडे न्यावा. येथे आकडा खुणेखाली येण्याच्या वेळा मोजायच्या असतात, पूर्ण फेरे नव्हेत. पहिल्या आकड्याला एखादा फेरा जास्त झाला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्याला झाला तर खुंटी पहिल्या चकतीला गाठते आणि जुळवलेली खाच निघून जाते. बंधू नेमके हेच करीत होते. शिवाय आकडा रेघभर पुढे गेला की ते डायल मागे आणत, पण मागे फक्त डायल येतो, चकती पुढेच राहते. अशा वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी.

पंचांगातले आकडे मी त्या उघड्या कुलुपावर लावून पाहिले आणि तिन्ही खाचा रांगेत आल्या. पितळेला गंज चढलेला नाही.

आपले कुलूप अगदी असेच असेल, अशी हमी मात्र मी देत नाही. काही कुलपांत चार चकत्या असतात आणि मग आकडा खुणेखाली आणण्याच्या वेळा पाच, चार, तीन, दोन अशा होतात. काहींची सुरुवात उजवीकडून होते, तेव्हा उलटे करूनही पाहावे. जुनी कुलुपे झिजतात, त्यामुळे प्रत्येक आकड्याच्या आजूबाजूची एकेक रेघही तपासावी. डायलच्या फटीतून तेल मात्र सोडू नये. ते वाळून चिकट झाले की चकत्या एकमेकींना ओढतात. आकडे बदलता येणारी कुलुपे अमेरिकन कुलूपकार जेम्स सार्जंटने 1857 मध्येच बनवली होती, त्यामुळे आजोबांनंतर दुसऱ्या कोणी आकडे बदलले असतील, तर त्यांची वही निरुपयोगी आहे. तसे असल्यास हे कुलूप उघडणारा खरा जाणकार शोधावा; भोक पाडणारा सर्वांत शेवटी.

कुलूप गंजलेच होते, असे बंधूंचे मत आजही आहे. ते माझ्या टेबलावर झाकण काढून ठेवलेले आहे आणि मागच्या दोन्ही दिवाळ्यांना त्यांनी माझ्याकडे फराळ केला, पण टेबलाकडे ते फिरकले नाहीत.