वाचकांचे प्रश्न : चार महिने उभी राहणारी जुनी स्पोर्ट्स कार

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची, १९६५ सालची, एमजीबी ही दोन आसनी, उघडझाप होणाऱ्या टपाची गाडी आहे. नोव्हेंबरअखेरीस आम्ही उभयता मुलीकडे लंडनला जाणार असून मार्चअखेरीस परत येऊ. हिवाळ्यात गाडी ठेवण्याविषयी इंग्रजी पुस्तकांत जे वाचले ते बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ यांभोवतीच फिरते. आपल्याकडे काय करावे? माझा पुतण्या दर रविवारी येऊन पाच मिनिटे इंजिन चालू ठेवायला तयार आहे. बॅटरी तशीच जोडून ठेवावी का, आणि वरून ताडपत्री चालेल का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : प्रथम पुतण्याविषयी. त्याची आस्था मोलाची आहे, परंतु पाच मिनिटांचे हे इंजिन चालवणे कृपया टाळावे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले तर ती वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, पण पाच मिनिटांत थंड इंजिन तापत नाही. त्यामुळे ती वाफ सायलेन्सरच्या नळ्यांत आणि काही अंशी इंजिनच्या तेलातही पाणी होऊन साचते आणि दर रविवारी त्यात भर पडत जाते. गाडी चालवायचीच असेल, तर परवाना आणि विमा पाहून ती पंधरा दिवसांतून एकदा अक्कलकोट रस्त्याने कुंभारीच्या पुढे नेऊन आणावी, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक या सर्वांनाच काम मिळते. ते जमणार नसेल, तर तिला अजिबात हात लावू नये. माझा कल या दुसऱ्या पर्यायाकडे आहे आणि पुढील सूचना त्याच हिशेबाने दिल्या आहेत.

सोलापुरात पाणी गोठत नाही, म्हणून कूलंटची, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाची, गरज नाही असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. या गाडीचे १७९८ सीसीचे इंजिन बिडाचे आहे आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्य त्याला आतून सांभाळते. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी असेल, तर ते काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट यांचे मिश्रण भरावे. इंजिनचे तेल परत आल्यावर नव्हे, तर जाण्यापूर्वी, इंजिन गरम असतानाच बदलावे. वापरलेल्या तेलात आम्ले आणि ओलावा असतो आणि तो चार महिने बेअरिंगांवर बसून राहू नये.

पेट्रोलकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे लागेल. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या मऊ करून फोडते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक नळी बोटाने दाबून पाहावी आणि चिकट किंवा भेगाळलेली असेल तर इथेनॉल सोसणारी नवी नळी घालावी, कारण बंद गॅरेजमधील गळती आगीला निमंत्रण देते. त्यानंतर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. त्यात पेट्रोल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे द्रव्य, घालून गाडी एक चक्कर फिरवून आणावी. शेवटी इग्निशन बंद करून मागच्या बाजूच्या विजेच्या पेट्रोल पंपाची वायर सोडवावी, ती कुठे टेकणार नाही अशी गुंडाळून ठेवावी आणि मग इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. दोन्ही एसयू कार्बोरेटरांतील पेट्रोल अशा रीतीने संपते आणि त्याचा चिकट थर आत जमत नाही.

बॅटरी काढूनच ठेवावी. आपल्या सालच्या गाडीत आसनांच्या मागे, झाकणाखाली, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि मूळ जोडणीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. ‘आधी निगेटिव्ह सोडवा’ हा आजच्या गाड्यांचा नियम इथे डोळे झाकून लावल्यास पान्हा पत्र्याला टेकून ठिणगी उडू शकते. मधल्या काळात कोणी जोडणी बदलली असण्याचीही शक्यता आहे. म्हणून कोणती वायर बॉडीकडे जाते हे प्रत्यक्ष पाहावे आणि तीच प्रथम सोडवावी. पुतण्याने महिन्यातून एकदा या बॅटऱ्या चार्ज करून दिल्या, तर त्याची मदत खऱ्या अर्थाने कारणी लागेल.

ताडपत्री नको. तिच्याखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने ती हलली की रंगावर चरे उमटतात. गाडी धुऊन, टर्किश टॉवेलने टिपून, दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्यावी आणि धुतलेले मऊ सुती आच्छादन घालावे. घरातली जाड सोलापुरी चादर मोहात पाडते, पण तिच्या विणीत धूळ अडकते; तिच्याऐवजी जुनी पातळ सुती चादर बरी. टप घडी घालून न ठेवता चढवूनच ठेवावा, अन्यथा घडीवर तो चिरतो. गॅरेजमध्ये शहाबादी फरशी असेल, तर तिच्यातून वर येणारी ओल अडवण्यासाठी गाडीखाली जाड प्लास्टिक अंथरावे.

हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि टायरांत नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरावी. उंदरांसाठी सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी बारीक तारेची जाळी घट्ट बसवावी आणि तसे लिहिलेली चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी.

मार्चमध्ये परतल्यावर जाळ्या काढून, प्लग सोडवून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, गाडी वरच्या गिअरमध्ये घालून हाताने ढकलत इंजिन दोन-तीन वेळा फिरवावे आणि त्यानंतरच प्लग, बॅटऱ्या व पंपाची वायर जोडावी. पंपाची टिकटिक मंदावून थांबली की कार्बोरेटर भरले असे समजावे. ती थांबतच नसेल, तर स्टार्टर न दाबता इग्निशन बंद करून आधी गळती शोधावी. ब्रेकचे पेडल दाबून ते घट्ट लागते याची खात्री अंगणातच करावी. ते खाली जात असेल तर गाडी रस्त्यावर काढू नये.