गुहागरच्या किनाऱ्यावरचे ते दोन पक्षी कोणते?

जुलैतल्या वादळी आठवड्यात गुहागरच्या किनाऱ्यावर टिपलेल्या दोन पक्ष्यांची छायाचित्रे देऊन आपण विचारले आहे की, पुस्तकातल्या चित्रांशी ताडूनही नाव ठरत नाही, तर नेमके काय पाहायचे. माझ्या मते पहिला ब्रायडल्ड टर्न हा समुद्रपक्षी आहे. दुसरा त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सूटी टर्नचा अल्पवयीन पक्षी असावा. दुसरा पक्षी ‘ब्राऊन नॉडी’ हा गडद तपकिरी समुद्रपक्षी असावा, हा आपला अंदाज मला पटत नाही.

पहिल्या पक्ष्याच्या पाठीच्या रंगावर विसंबू नये. पावसाळी उजेडात भिजलेली करडी-तपकिरी पाठ सरळ काळी दिसते, आणि मागे पांढरेफटक आकाश असेल तर मोबाइलचा कॅमेरा पक्ष्याला आणखी काळवंडून टाकतो. म्हणून कपाळ पाहावे. सूटी टर्नच्या कपाळावरचा पांढरा भाग रुंद असतो व डोळ्यापाशी संपतो. ब्रायडल्डमध्ये तोच अरुंद होत भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो. आपले छायाचित्र मोठे करून पाहिले असता चोचीपासून डोळ्यातून गेलेली काळी रेघ आणि तिच्यावरची ती पांढरी भुवई स्पष्ट दिसते. शिवाय काळी टोपी आणि पाठ यांच्यामध्ये मानेवर फिकट पट्टा आहे, जो सूटीत नसतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर हा पक्षी घरटी करतो, त्यामुळे तो कोकणात आढळणे नवलाचे नाही.

दुसऱ्या छायाचित्राने मात्र मलाही थबकायला लावले, कारण असाच गडद तपकिरी पक्षी पाहून मी एकदा वहीत बिनदिक्कत ‘नॉडी’ लिहून ठेवले होते. आपल्या पक्ष्याच्या पाठीवर व पंखांवर पिसांच्या टोकांना पांढरे ठिपके आहेत आणि शेपटीखालचा भाग फिकट आहे. ही सूटीच्या अल्पवयीन पक्ष्याची खूण आहे. नॉडीच्या अंगावर असे ठिपके नसतात. प्रौढ नॉडीचे कपाळ व माथा राखाडी-पांढरा असतो, आणि तिची लांब शेपटी पाचरीसारखी असून टोकाला थोडीशीच खाच असते, तर सूटीची शेपटी दुभंगलेली असते.

बूबी या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या बाबतीतही वयच फसवते. अल्पवयीन मास्क्ड बूबीचे डोके तपकिरी असल्याने ती हमखास ब्राऊन बूबी ठरवली जाते, पण तिच्या मानेभोवती पांढरी पट्टी असते. ब्राऊन बूबीत ती नसते. फ्रिगेट या आणखी एका समुद्रपक्ष्याचा मात्र पोटाखालून काढलेला फोटो नसेल, तर मी नाव सांगायचे धाडस करत नाही.

दुसऱ्या पक्ष्याचा मागून काढलेला, शेपटी दिसेल असा फोटो असल्यास तोही द्यावा, आणि शक्यतो मूळ फाइलच द्यावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत हे बारीक ठिपकेच आधी पुसट होतात.