परक्या देशात, परक्या घरात: वाचकांचे प्रश्न

परदेशातल्या कुटुंबात राहायला निघालेली मुलं आता फक्त नागपूरच्या धरमपेठेतली राहिलेली नाहीत. या वेळची पत्रं बहुतेक तालुक्याच्या आणि त्याच्याही पलीकडच्या गावांतून आली आहेत. व्हिसाचे प्रश्न कमी, घरात कसं वागायचं याचे जास्त. पहिलं पत्र आलं तसंच देतो.

प्रश्न: माही पोरगी सोळा वर्षांची आहे. शाळेच्या कार्यक्रमातून दहा महिने अमेरिकेले चालली. तिथल्या घरचे लोकं एक पैसा घेत नाहीत म्हणतात. फुकट काहून ठेवतात बाप्पा कोनी परायाची लेक? (एक आई, दर्यापूर तालुका)

ताई, शंका रास्त आहे. हे शालेय विनिमय कार्यक्रम जे-१ व्हिसावर, म्हणजे देवाणघेवाणीसाठी येणाऱ्यांना अमेरिका देते त्या व्हिसावर, चालतात. १५ ते साडेअठरा वर्षांच्या मुलांना त्यात घेतात आणि यजमान कुटुंबाला राहण्या-जेवण्याचे पैसे दिले जात नाहीत. तुम्ही भरलेली फी कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेकडे जाते. लोक का ठेवतात? कुणाची मुलं मोठी होऊन घराबाहेर पडलेली असतात, कुणाला आपल्या लेकरांना घरबसल्या जग दाखवायचं असतं, काहींना खरंच आवड असते.

हेतू काही तपासता येत नाही, पण कागद तपासता येतात. त्या घरातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणं संस्थेवर बंधनकारक आहे. मुलीला स्वतःचा पलंग मिळालाच पाहिजे. खोली त्यांच्या मुलीसोबत असली तर चालतं. संस्थेचा स्थानिक समन्वयक घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा हवा आणि त्याने महिन्यातून एकदा तरी मुलीशी बोललं पाहिजे. त्याचं नाव आणि नंबर तुमच्याकडे आहे का? नसेल तर उद्याच मागून घ्या. मुलीला एक ओळखपत्र मिळेल. त्यावर यजमान, संस्था आणि अमेरिकेचं परराष्ट्र खातं यांचे संपर्क असतात. त्याचा फोटो तुमच्याही मोबाईलमध्ये राहू द्या. तातडीच्या मदतीचा नंबर ९११.

आणि एक. मुलगी फोनवर म्हणाली, “आई, इथं बरं वाटत नाही,” तर “थोडं सहन कर, आपलं नाव जाईल” असं म्हणू नका. आधी पूर्ण ऐका. घरची आठवण येत असेल तर दोन-तीन आठवड्यांत बहुधा निवळतं. पण कुणाच्या वागण्याची, स्पर्शाची, नजरेची भीती वाटत असेल तर त्याच दिवशी समन्वयकाला फोन गेला पाहिजे. घर बदलून मिळतं. ती सोय आहे म्हणूनच तर समन्वयक आहे.

(कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात भाषा शिकायला गेलेल्यांनी हे वाचून गोंधळू नये. तिथे यजमान कुटुंबाला पैसे देऊनच राहण्याची पद्धत सर्रास आहे.)

प्रश्न: विमानतळावर अधिकारी काय विचारतात? इंग्रजी कच्चं आहे. (विद्यार्थी, पुसद)

कशासाठी आलास, कुठे राहणार, किती दिवस. उत्तरं एका-एका वाक्यात दे. यजमानांचं नाव, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेव. मोबाईलची बॅटरी नेमकी तिथेच संपते. पासपोर्ट, संस्थेचं पत्र, अमेरिकेला जे-१ व्हिसावर जात असशील तर संस्थेने दिलेला डीएस-२०१९ हा फॉर्म, सगळं हातातल्या बॅगेत ठेव. मोठ्या बॅगेत टाकलंस तर ती मिळायच्या आधीच कागद मागतील. मधलं विमान चुकलं तर आधी यजमानांना कळव, मग घरी.

प्रश्न: मी १७ वर्षांची आहे, पूर्ण शाकाहारी. त्या घरी बीफ खातात. पहिल्याच दिवशी खाण्यापिण्याचं सांगितलं तर उद्धट वाटेल का? आणि बाथरूमबद्दलही भीती वाटते, हसू नका. (मेहकर)

हसत नाही. घराघरांतले रुसवेफुगवे जास्त करून जेवण आणि बाथरूम या दोन जागांवरूनच होतात.

पहिल्याच संध्याकाळी सांग. जायच्या आधी मेलवर सांगितलंस तर त्याहून बरं. मात्र नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नको. तिकडे अनेकांच्या लेखी अंडं शाकाहारात बसतं, मासे चालतील असं समजणारेही भेटतात आणि भाजीचं सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. आधी काय खातेस ते सांग: दूध, दही, भात, डाळी, बटाटा, ब्रेड, सगळ्या भाज्या. मग काय चालत नाही ते. चघळायच्या रंगीत गोळ्या आणि मार्शमेलो घेताना पाकिटावर जिलेटिन लिहिलंय का बघ. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. फ्रिजमध्ये बीफ असणारच. तुझ्या ताटात येऊ नये एवढं मागायचा तुला हक्क आहे, फ्रिजमधून काढा म्हणायचा नाही.

आपल्याकडे पाहुण्याने ‘नको, नको’ म्हणायचं आणि वाढणारीने ‘घ्या न, एवढ्याने काय होते’ म्हणत पोळी ताटात टाकायचीच, असा रिवाज. तिथे एकदा ‘नो, थँक्स’ म्हटलंस की भांडं उचललं जातं, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. तू मात्र रात्री पोटाला चिमटा घेऊन झोपशील. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हण. फ्रिज न विचारता उघडायचा का, रात्री दूध घेतलं तर चालेल का, हेही त्याच संध्याकाळी विचारून टाक.

एखाद्या रविवारी पिठलं-भात मी करते म्हण, त्यांना आवडेल. पण फोडणी घालायच्या आधी शेगडीवरचा पंखा लाव आणि खिडकी उघड. छताला धुराचा अलार्म असतो. तेल तापून मोहरी तडतडली आणि वर लाल मिरची पडली की तो घर डोक्यावर घेतो. मोठ्या इमारतीत एका फोडणीपायी सगळे मजले खाली रस्त्यावर येऊ शकतात.

आता बाथरूम. बादली-मगाने मोरीत आंघोळ करायची सवय असेल तर हे दोनदा वाच. तिथे बऱ्याच ठिकाणी बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळीच नसते. पाणी टबात किंवा शॉवरच्या कप्प्यातच पडलं पाहिजे. पडदा असेल तर त्याचं खालचं टोक टबाच्या आत घ्यायचं. ते बाहेर राहिलं तर पाणी जमिनीवर पसरतं, फटींतून झिरपतं आणि खालच्या खोलीच्या छतावर पिवळा डाग उमटतो. गरम पाणी बहुधा टाकीत साठवलेलं असतं. तू अर्धा तास उभी राहिलीस तर मागच्याच्या वाट्याला थंड येतं. सकाळी कोण किती वाजता जातं ते विचारून घे. संडासातला कागद संडासातच टाकतात, पॅड मात्र कधीच नाही, ते कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. पाण्याशिवाय चालत नसेल तर आत पाण्याची एक बाटली ठेव. चोरून ठेवायची गरज नाही. ‘ही माझी बाटली, आमच्याकडे पाणी वापरतात’ एवढं सांगितलंस की विषय संपतो.

प्रश्न: आमचा आंबिया बहार हाती येईल त्याच सुमारास मुलगा फ्रान्सला निघतोय. घरच्या बागेतली संत्री, साजूक तूप आणि संत्रा बर्फी यजमानांसाठी द्यायची आहे. कसं पॅक करावं? (बागायतदार, वरूड)

दादा, पॅक करूच नका. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप गेलं, आणि खव्याची असेल तर बर्फीही गेली. ताज्या फळांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. संत्र्याच्या नशिबी ते नाही. कढीपत्त्याची जुडीही नको. अमेरिकेतही ताजी संत्री विमानतळावरच काढून घेतात, आणि न सांगता नेली तर वर दंड.

जवसाची चटणी, भिवापुरी मिरचीचं तिखट, पापड, कुरड्या, बेसन हे कोरडं सामान द्या, नीट पाकीटबंद, वर इंग्रजीत नाव लिहून. फॉर्मवर खाण्याच्या वस्तू आहेत का असं विचारलं तर ‘हो’च लिहायचं. भेट म्हणून भंडाऱ्याच्या टसरचा स्टोल किंवा वर्ध्याच्या मगन संग्रहालयातली नैसर्गिक रंगाची खादी द्या. वजनाला हलकी, आणि ‘हे कुठून आलं’ यावर पोराला बोलता येतं. संत्र्याच्या बागेचे फोटो द्या पाठवून. बाग हिवाळ्यात पिवळी झालेली त्यांनी पाहिलेली नसेल.

प्रश्न: बी.ए. झालं, जर्मनची ए-१ ही पहिली पायरी पास आहे. जर्मनीत ‘ओ-पेअर’ म्हणून जायचं आहे. गावातले म्हणतात, मोलकरीण व्हायला चालली. एजंट तीन लाख मागतो. (आर्णी, जि. यवतमाळ)

गावातल्यांना आकडे सांग. कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, हलकं घरकाम करायचं आणि भाषा शिकायची, असा हा करार. काम दिवसाला जास्तीत जास्त ६ तास, आठवड्याला ३०. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एक तरी रविवार पूर्ण मोकळा. स्वतःची खोली. महिना २८० युरो हातखर्च, शिवाय भाषेच्या वर्गासाठी ७० युरो. विमा यजमानांनी काढायचा. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. अर्ज करताना वय २७ च्या आत हवं, आणि नात्यातल्या कुटुंबाकडे जाता येत नाही.

२८० युरोत घरी पैसे पाठवता येत नाहीत, हे मनाशी पक्कं कर. कर्ज काढून जाण्यासारखा हा मार्गच नाही. तीन लाख कशाचे, हे एजंटकडून लेखी माग. तो बहुधा पुन्हा फोन करणार नाही. कुटुंबाशी व्हिडिओ कॉलवर निदान दोनदा बोल, एकदा मुलांच्या उपस्थितीत. करार सहीचा हवा. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, सांभाळून ठेवतो म्हणाले तरी नाही. पोचल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, त्यासाठी घरमालकाची सही लागते. आल्या-आल्या तो कागद माग.

तिसाचे चाळीस तास व्हायला लागले तर कुरकुरत बसू नको. वेळा वहीत लिही आणि शांतपणे वही समोर ठेव. तिकडे अशा बोलण्याने कुणाचा अपमान होत नाही. महिनाभर गप्प राहून एक दिवस भडका उडाला, की मात्र त्यांना काहीच कळत नाही.

प्रश्न: उलटा प्रश्न आहे. जर्मनीची एक मुलगी सेंद्रिय शेती पाहायला मे महिन्यात आमच्याकडे राहायला येते म्हणते. घरात काय तयारी करावी? (शेतकरी, आर्वी तालुका)

काका, पहिली तयारी म्हणजे तिला मे मधून डिसेंबरमध्ये ढकला. ४५ अंशांत तिला शेत दिसणार नाही, कूलरच दिसेल. शिवाय मे मध्ये शेतात तुम्ही तरी काय दाखवणार, नांगरलेली ढेकळं?

खोलीला आतून लागणारी कडी हवी, आणि कडी लावली म्हणून ‘पोरगी एकटी काहून बसली’ असा घोर करू नका. तासभर एकटं बसणं ही तिकडची विश्रांती आहे. पाणी उकळून गार केलेलं. पहिला आठवडा तर्री नाही. वरण, भात, पोळी, दही यांवर भागवा, मग ठेच्याची चव तिला स्वतःहून मागू द्या. ताटात आग्रह करू नका, तिला ते अन्न टाकायला लावणं वाटतं. पहिल्या दिवशी अख्खं गाव अंगणात जमणार. एकदा चहा पाजून सगळ्यांची ओळख करून द्या आणि नंतर दार लोटून घ्या. तिचा फोटो तिला विचारल्याशिवाय कुणी व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, हे घरातल्या पोट्ट्यांना आधीच दटावून ठेवा.

आणि सरकारी काम: परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं. आजवर त्याला सी फॉर्म म्हणत आले. हॉटेलला लागू तसं घरालाही. तिच्या पासपोर्टचं आणि व्हिसाचं पान आधीच मागवून ठेवा, आर्वीत नेट चालू असेल त्या वेळी भरून टाका आणि पोलीस पाटलांच्याही कानावर घाला.