कॅम्पर व्हॅनमधला एसी चालवायला कुठला जनरेटर घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोर्स ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली आहे, आत १ टनाचा एसी बसवायचाय, एप्रिल-मेमध्ये गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत मुक्काम करत फिरायचंय, आणि दुकानदार ५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप, ढोबळमानाने किलोवॅट) डिझेल जनरेटर घ्या म्हणतोय. घ्यावा का?

मी म्हणेन, घेऊ नका. आधी एसी ठरवा, मग जनरेटर. तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली आहे, म्हणून आकडा ५ पर्यंत गेलाय.

एसीच्या लेबलवरचे वॅट हे तो चालू असतानाचे असतात. साध्या, एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरला सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट करंट लागतो. १ टनाचा साधा विंडो एसी चालताना ५ ते ६ अँपिअर घेतो, पण कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर २५-३० अँपिअर ओढतो. २३० व्होल्टला हे ६ केव्हीएच्या आसपास गेलं. झटका अर्धा सेकंदही टिकत नाही, पण लहान जनरेटरला तेवढा पुरतो: लाल दिवा लागतो, आउटपुट बंद होतं आणि इंजिन मात्र धडधडत राहतं. दुकानदार हाच झटका धरून बोलतोय, आणि त्या जातीच्या एसीसाठी त्याचं चूकही नाही.

इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग धरतो, त्यामुळे सुरुवातीचा झटका जवळपास नसतोच. १ टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात साधारण १,००० ते १,३०० वॅट घेतो आणि गाडी थंड झाली की ३००-४०० वर उतरतो. साधा एसी आधीच बसवून झाला असेल तर इलेक्ट्रिशियनकडून सॉफ्ट स्टार्टर लावून घ्या. झटका निम्म्याहून कमी होतो आणि ३ केव्हीएत काम भागतं.

आता गोव्यापुरतं. इथे नागपूरसारखं ४२-४३ अंश होत नाही. मे महिन्यातही पारा ३३-३४ च्या आसपास असतो, त्रास असतो तो दमटपणाचा. गरजेपेक्षा मोठा साधा एसी पाच मिनिटांत हवा थंड करून कॉम्प्रेसर बंद करतो, मग हवेतलं पाणी काढायला वेळच उरत नाही. थर्मामीटर २४ दाखवतो आणि चादर ओलसर लागते. लहान इन्व्हर्टर एसी मंद वेगाने सतत चालतो, कॉइल थंड राहते, नळीतून पाणी ठिबकत राहतं. ते ठिबकणं बंद झालं तर दमटपणा निघत नाहीये असं समजा. म्हणून तुमच्या गाडीसाठी मी ०.८ टनाचा इन्व्हर्टर एसी घेईन. अट एकच, गाडीला इन्सुलेशन हवं.

ते का, ते आकड्यांत पाहा. ५ मीटर लांब, १.८ रुंद, १.९ उंच डब्याचा सगळा पत्रा मिळून ४४ चौरस मीटर होतो. बाहेर ३३, आत २५, म्हणजे ८ अंशांचा फरक. नुसत्या पत्र्यातून २,००० वॅटच्या वर उष्णता आत येते, आणि टपावर पडणारं थेट ऊन वेगळंच. २५ मिलिमीटरचा नायट्राइल रबर फोम सगळीकडे चिकटवला तर, सांधे आणि सांगाड्याचं लोखंड धरूनही, तोच आकडा ७००-८०० वर येतो. फोमवर केलेला खर्च जनरेटरच्या किमतीत आणि पेट्रोलमध्ये परत मिळतो. समोरच्या काचेला बाहेरून पडदा लावा. आतून लावलेला पडदा तापलेल्या काचेची उष्णता आतच ठेवतो. गाडी आंब्याच्या नाहीतर काजूच्या सावलीत लावा, माडाखाली कधीच नको. नारळ पडला की काच गेलीच, आणि खाली माणूस असेल तर विचारूच नका.

जनरेटरचं माप काढताना लेबलवरचा मोठा आकडा धरू नका. '२.२ केव्हीए' असं ठळक लिहिलेल्या यंत्राची सतत देण्याची ताकद बहुधा १.८ असते, २.२ ही थोड्या वेळापुरती. त्या १.८ चे ७५-८० टक्के, म्हणजे सुमारे १,४०० वॅट हे तुमचं खरं बजेट. ०.८ टनाचा एसी जोरात असताना ८००-१,००० घेईल, फ्रिज ८०, दिवे आणि लॅपटॉप १००. बसतं. १ टनाचाच एसी हवा असेल तर हिशोब काठावर जातो, मग ३ केव्हीएचा घ्या. फसवतो तो बॅटरीचा चार्जर. १२ व्होल्टचा ३० अँपिअरचा चार्जर एकटाच ४५०-५०० वॅट खातो आणि तो मागे गुपचूप चालू असतो. 'एसी लावला की जनरेटर ट्रिप होतो' या तक्रारीत पहिल्यांदा तोच बंद करून बघा. चोर्ला घाट किंवा आंबोली चढून जाणार असाल तर दर ३०० मीटर उंचीमागे जनरेटरची साधारण ३ टक्के ताकद कमी धरा.

जात मात्र इन्व्हर्टर जनरेटरचीच. (तीन इन्व्हर्टरांची गल्लत होते: घरी लाइट गेल्यावर चालतो तो वेगळा, एसीतला वेगळा आणि हा वेगळा. हा जनरेटर लोडप्रमाणे इंजिनाचा वेग कमी-जास्त करतो आणि वीज इलेक्ट्रॉनिक्सने स्वच्छ करून देतो.) साधा पेट्रोल जनरेटर लोड असो नसो, ३,००० फेऱ्यांवर ओरडत राहतो आणि त्याची वीज खडबडीत असते, एसीच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला ती सोसत नाही. ५ केव्हीएचा डिझेल सेट शंभर किलोंच्या आसपास किंवा वर जातो, मागच्या कॅरिअरला तो झेपत नाही. शिवाय त्याला ३०० वॅटच्या लोडवर तासन्‌तास ठेवला तर इंधन पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं तेलकट ओघळू लागतं. २.२ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर २०-२२ किलोंचा, एका हाताने उचलता येतो. बऱ्याच मॉडेलांत दोन यंत्रं पॅरलल केबलने जोडता येतात, म्हणजे पुढे गरज वाढली तर दुसरा घ्या, मोठा घेऊ नका.

जनरेटर कुठे ठेवायचा, यावर जीव अवलंबून आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. यंत्र गाडीपासून किमान ६ मीटर लांब, धूर गाडीच्या उलट दिशेला. किनाऱ्यावर एक गोष्ट लोक विसरतात: दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून वाहू लागतात. चार वाजता पूर्वेला ठेवलेला जनरेटर धूर लांब नेत असतो, रात्री तोच धूर गाडीवर येतो. तळाची भोकं आणि दाराचं रबर यांतून तो आत शिरतो. झोपायच्या जागेच्या उंचीवर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा, आणि जनरेटर चालू ठेवून झोपूच नका.

मग रात्री काय? ४८ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास ५ युनिट साठवते. रात्री बाहेर २६-२७ असताना एसी सरासरी ३५० वॅट घेतो. आठ तासांचे नुकसानीसह ३.२ युनिट झाले. ते दिवसा १,२०० वॅटच्या चार्जरने तीन तासांत भरतात, एसी बंद असताना, आणि पेट्रोल जातं अंदाजे २ लिटर. तोच एसी रात्रभर थेट जनरेटरवर चालवला तर ३ लिटरच्या वर जातं, कारण कमी लोडवर इंजिन पेट्रोलचा मोबदला कमी देतं. ध्वनी प्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ ठरवली आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे किनाऱ्यालगत रात्री ना आवाज, ना दिवा. गाडी वाळूत तर नेऊच नका, गुन्हा आहे.

वायरिंगमध्ये एकच ठिकाण लोकांना गोंधळात टाकतं. जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर दोन्ही भोकांत तो मंद पेटतो. बिघाड नाही, न्यूट्रल तरंगता असतो, अर्थला जोडलेला नसतो. पण त्यामुळे गाडीतला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) गरजेच्या वेळी पडेल याची खात्री नाही. न्यूट्रल आणि अर्थ जनरेटरच्या बाजूने एकाच जागी जोडून घ्या, गाडीचा सांगाडा त्याच अर्थला. बाहेरची लाइन घेताना हा जोड सुटला पाहिजे, म्हणून १-०-२ चा चेंजओव्हर स्विच (एका बाजूला जनरेटर, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला बाहेरची लाइन) बसवा. दोन्ही पुरवठे एकत्र येता कामा नयेत. केबल तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर, १० मीटर.

देखभाल इथे जरा जास्त लागते. वाळूवर ठेवलेलं यंत्र थंड हवेबरोबर वाळूही ओढतं, म्हणून खाली फळी. उतारावर ठेवलं तर ऑइल पुरेसं असूनही कमी-ऑइलचा स्विच इंजिन बंद करतो, म्हणून फळी समतल. आऊटडोअर युनिटच्या तोंडासमोर ठेवू नका. गरम हवा त्यात गेली की एसी जास्त करंट ओढतो. लाल मातीच्या रस्त्यांवर फिरलात तर एअर फिल्टर ५० तासांनी धुवा. ऑइल पहिल्यांदा २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी बदला. पावसाळ्यात यंत्र पडून राहणार असेल तर टाकी आणि कार्बुरेटरचा बाऊल रिकामा करा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओल धरतं आणि जेट चोंदतो. पेट्रोल भरताना आधी एसी बंद, दोन मिनिटं इंजिन लोडशिवाय चालवा, मग बंद करून दहा मिनिटं थंड होऊ द्या.

पैसे देण्याआधी गाडी दुकानापाशी न्या. उन्हात तापू द्या, एसी १८ वर लावा, फ्रिज आणि दिवे चालू करा, जनरेटरचा इको स्विच (कमी लोडवर इंजिनाचा वेग उतरवणारा) आधी बंद ठेवा, मग चालू करून पाहा. क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) वीस मिनिटं करंट बघा. नंतर एसी बंद करा, तीन मिनिटं थांबा, पुन्हा लावा. यात एकदाही लाल दिवा लागला तर ते मॉडेल घेऊ नका, दुकानदार 'नवीन आहे, रुळला की होईल' म्हणाला तरी.